खारा वारा, लाल धूळ आणि जर्मन सिल्व्हर

इलेक्ट्रिक गिटारच्या मानेवरचे (नेकवरचे) धातूचे आडवे पडदे म्हणजे फ्रेट. त्यांची तार ‘निकेल सिल्व्हर’ या नावाने विकली जाते, पण तिच्यात चांदी औषधालाही नसते. साठ-पासष्ट टक्के तांबे, अठराच्या आसपास निकेल आणि बाकीचे जस्त, असा हा मिश्रधातू. चीनमध्ये तो ‘पाइतुंग’ म्हणून कित्येक शतके वापरात होता. १८२३च्या सुमारास जर्मनीतल्या कारागिरांना त्याचे प्रमाण जमले आणि तिथून तो ‘जर्मन सिल्व्हर’ बनून जगभर गेला. आपल्याकडच्या लग्नांतल्या अत्तरदाण्या, गुलाबदाण्या आणि शाळेच्या स्नेहसंमेलनातले पेले बहुतेक याच धातूचे. निकेलने त्याला पांढरा रंग दिला, पण पिंड तांब्याचाच राहिला. त्यामुळे तांब्याला जे जे बाधते, ते ते यालाही बाधते.

गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यात, हे दर ऑक्टोबरात दिसून येते. हरमल, मांद्रे, मोरजी या किनारी गावांत वाजवण्याचा हंगाम पर्यटनाच्या हंगामाबरोबर चालतो. मे संपता संपता किनाऱ्यावरचे शॅक उतरवले जातात, माडाच्या झावळ्या आणि वासे आत जातात, आणि गिटार केसमध्ये घालून पलंगाखाली किंवा कपाटावर सरकवली जाते. मग पावसाचे चार महिने. या काळात राज्यात साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. चवथीच्या आरत्यांना घरोघर घुमट, शामेळ आणि कासाळे बाहेर येतात, गिटारची आठवण कोणाला होत नाही. ऑक्टोबरात केस उघडली की आत कुबट वास, तारांवर तपकिरी खरबरीत थर, आणि फ्रेटांच्या कडांना, लाकडात शिरतात त्या रेघेवर, हिरवट मेणचट कळंक.

हा कळंक पावसाच्या पाण्याने येत नाही. तो हंगामातच पेरलेला असतो. वाजवणाऱ्याच्या बोटांचा घाम म्हणजे मीठ, थोडे लॅक्टिक आम्ल आणि त्वचेचे तेल. त्यात समुद्राच्या फुटत्या लाटांमधून उडालेले बारीक खारे तुषार येऊन मिसळतात. या तुषारांतला बराचसा भाग किनाऱ्यापासून पहिल्या काही शे मीटरांतच खाली बसतो, म्हणून वाळूवर उभ्या असलेल्या शॅकमधली गिटार आणि पेडणे शहरातल्या घरातली गिटार यांच्या नशिबात फरक पडतो. मिठाचा एक गुण इथे कळीचा आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण हवेतूनच पाणी ओढून घेतो आणि स्वतः त्यात विरघळतो. जुलैत आर्द्रता बहुतेक वेळ या आकड्याच्या वरच असते. म्हणजे मेमध्ये फ्रेटवर जो कोरडा, निरुपद्रवी कण पडून होता, तो जूनपासून खाऱ्या पाण्याचा थेंब होऊन चार महिने तिथेच बसतो. क्लोराइड तांब्याला धरते, हवेतला ऑक्सिजन आणि ओल मदतीला असतात, आणि हिरवे क्षार तयार होतात.

त्यातच तारा ताणलेल्या राहिल्या तर आणखी एक भानगड. गिटारची तार पोलादी, फ्रेट तांब्याच्या कुळातला, आणि दोघांमध्ये खाऱ्या पाण्याचा पापुद्रा. ही छोटीशी विजेची घटमालाच झाली. अशा जोडीत पोलाद आधी बळी जाते. म्हणून तारा फ्रेटपेक्षा फार लवकर गंजतात, आणि फ्रेटच्या माथ्यावर दिसणारा तपकिरी डाग पुष्कळदा त्याचा स्वतःचा नसून तारेचा उतरलेला गंज असतो. पुसायला बसण्याआधी हे ओळखता आले पाहिजे. तपकिरी डाग कापडाने निघतो. काळपट झाक ही नुसती ऑक्साइडची पातळ साय, तिने आवाजाचे काही बिघडत नाही. हिरवे मात्र गंभीरपणे घ्यायचे, कारण त्याच्याखाली खड्डा असू शकतो, आणि खड्ड्यात क्लोराइड उरले तर वरून लखलखीत केलेला फ्रेट पुढच्या पावसात त्याच जागी पुन्हा हिरवा होतो. संग्रहालयांतली जुनी ब्राँझची नाणी-मूर्ती सांभाळणाऱ्यांना हा त्रास चांगला माहीत असतो.

किनारा सोडून वीसेक किलोमीटर आत, डिचोलीकडे आले की मीठ कमी होते आणि धूळ सुरू होते. डिचोली हे लोहखनिजाचे माहेर. भूशास्त्रज्ञांनी इथल्या लोहधारी खडकांच्या थराला नावच ‘डिचोली फॉर्मेशन’ असे दिले आहे. २०१२च्या बंदीनंतर आणि पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यानंतर वर्षानुवर्षे इथले खाणकाम थांबले होते, तरी खनिजाच्या रस्त्यांकडेची ती तांबडी धूळ अनेकांच्या खिडक्यांच्या जाळ्यांतून कधी पूर्णपणे गेली नाही. या धुळीतला मुख्य घटक म्हणजे हेमॅटाइट, लोखंडाचे ऑक्साइड. आता गंमत अशी की सोनार आणि भिंगे घासणारे कारागीर शेवटची झिलई देण्यासाठी जी लाल भुकटी वापरतात, जिला ‘रूज’ म्हणतात, तीही लोखंडाचे ऑक्साइडच. मग डिचोलीत राहणाऱ्याने खिडकीवरची धूळ बोटावर घेऊन फ्रेट घासावेत का?

मुळीच नको. रूजचे कण मुद्दाम अतिशय बारीक आणि एकसारखे केलेले असतात. खाणीच्या धुळीत सगळ्या मापांचे कण, आणि त्यांच्यासोबत क्वार्ट्‌झ. कारण इथल्या खडकात लोहाचा एक पट्टा आणि गारेचा एक पट्टा असे आलटून पालटून थर आहेत. काठिण्याच्या मोजपट्टीवर क्वार्ट्‌झ सातवर, जर्मन सिल्व्हर तीनच्या आसपास. धुळीने माखलेल्या गिटारवर कोरडे फडके फिरवले की फ्रेटवर शेकडो आडवेतिडवे ओरखडे उठणार, आणि लाखेवरही. म्हणून या दोन तालुक्यांचे पहिले पाऊलच वेगळे असावे असे मला वाटते. किनाऱ्यावरच्या माणसाने आधी ओलसर कापड घ्यावे, कारण मीठ पाण्यातच विरघळते. डिचोलीकराने आधी मऊ, कोरडा रंगाचा ब्रश घेऊन धूळ झटकावी आणि मगच फडक्याला हात लावावा. गिटारवरची पुस्तके बहुतेक थंड, कोरड्या देशांत लिहिलेली असतात. ती दोन्हींसाठी थेट लायटरच्या इंधनाची बाटली हातात देतात. हे इंधन म्हणजे नॅप्था. तो तेलकट आणि मेणचट घाण सुरेख काढतो, पण मीठ त्याला बधत नाही.

इतका खटाटोप कशासाठी, असे अकूस्टिक गिटार वाजवणारा विचारू शकेल. त्याला एका मर्यादेपर्यंत माफ आहे. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा बारीक असतात. सर्वांत पातळ तार बऱ्याचदा ०.२३ मिलिमीटरची. या तारा दाबून नुसत्या धरल्या जात नाहीत, आडव्या ओढल्या जातात. स्वर फ्रेटच्या लांबीवरून घसरत वर चढतो. फ्रेट खरबरीत असला की ही घसरण करकरते, बोटाला वाळू लागल्यासारखी वाटते, स्वर अडखळत चढतो, आणि गंजाच्या कणांनी भरलेली तार फ्रेटला प्रत्येक ओढीबरोबर थोडी थोडी खरवडत राहते. (हवाइयन गिटारवाल्याला यातले काहीच नको. तो तारेवर पोलादी कांडी फिरवतो, त्याच्यासाठी फ्रेट म्हणजे फक्त मैलाचे दगड. एके काळी मराठी वाद्यवृंदांत तीच गिटार जास्त दिसे.)

तार आडवी ओढून स्वर चढवणे आपल्याकडे नवीन नाही. सतारीची मींड तीच. चांगला सतारिया एकाच पडद्यावरून चार-पाच स्वर ओढून काढतो, आणि म्हणून सतारीचे पडदे वाकवताना आणि घासताना कारागीर जितका जीव ओततो तितका गिटारच्या कारखान्यात कोणी ओतत नाही. गोव्याहून लोंढ्यामार्गे रेल्वेने गेले की लागणारी मिरज हे या कामाचे गाव. तिथली सतारीची परंपरा एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास फरीदसाहेबांपासून सुरू झाली असे मानतात. हे घराणे शिकलगारांचे, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार आणि झिलई देणाऱ्यांचे. संस्थानी लढायांचे दिवस संपले, शस्त्रांचे काम आटले, आणि पोलादाला पाणी देणारे हात भोपळा, लाकूड आणि पितळेच्या पडद्यांकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण सतारीचा पडदा दोऱ्याने बांधलेला असतो. खराब झाला की सोडवून वेगळा घासता येतो, झिजला की बदलता येतो. गिटारचा फ्रेट लाकडात ठोकून बसवलेला. त्याच्या खालच्या पात्याला बारीक दाते असतात आणि ते खाचेत रुतून बसतात. जे करायचे ते जागेवरच, आणि आजूबाजूच्या लाकडाला धक्का न लावता. अवघडपणा सगळा इथे आहे.

हे लाकूडही बघून घ्यायला हवे. फ्रेटबोर्ड काळपट, रेषांचा आणि बिनलाखेचा असेल तर तो बहुधा शिसवीचा, आणि ब्राझीलच्या शिसवीवर निर्बंध आल्यापासून जगभरच्या गिटारांवर जी शिसवी बसते तिच्यातली कितीतरी आपल्याच सह्याद्रीच्या दक्षिण भागातून जाते. पिवळसर आणि चकचकीत असेल तर मेपलचा, लाख दिलेला. शिसवी ओल शोषते, डाग धरते. मेपलवरची लाख घासली की धूसर होते. दोघांनाही झाकायचे, पण कारणे निराळी.

आता काम. तारा एकदम कापू नयेत, आळीपाळीने सैल कराव्यात, नेकवरचा ताण हळूहळू उतरू द्यावा. गंजलेल्या तारा ठेवण्यात अर्थ नाही, त्या वेटोळे करून टाकून द्याव्यात. पुढची गोष्ट पिकअपची. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेची हजारो वेटोळी. बाजारात मिळणाऱ्या पोलादी लोकरीने, म्हणजे ‘०००० स्टील वूल’ने, फ्रेट फार छान निघतात, पण तिचा लोखंडी चुरा चुंबकाकडे धावतो, झाकणाच्या फटींतून आत शिरतो आणि तिथेच गंजतो. गोव्याच्या हवेत तर हमखास. म्हणून पिकअप आधी मास्किंग टेपने पूर्ण झाकावेत. माझे मत विचाराल तर या हवेत पोलादी लोकर वापरूच नये. ०.३ मायक्रॉनपासून दहा-वीस मायक्रॉनपर्यंतचे घासकागद आणि घासपट्ट्या आता सहज मागवता येतात, आणि त्यांचा चुरा चुंबकाला चिकटत नाही.

मग दोन फ्रेटांमधले लाकूड टेपने झाकायचे. टेप लावण्याआधी एकदा स्वतःच्या पँटवर चिकटवून उचलावी, चिकटपणा थोडा मेला की ती काढताना लाख किंवा शिसवीचे तंतू उपटत नाही. दमट दिवशी टेप रात्रभर ठेवू नये, त्याच बैठकीत काढावी. फक्त फ्रेटची कमान उघडी राहिली की किनाऱ्यावरच्या गिटारसाठी सुती कापड पाण्यात बुडवून घट्ट पिळावे. पाणी टपकता कामा नये. शक्य तर बॅटरीचे डिस्टिल्ड पाणी, कारण विहिरीच्या पाण्यात क्षार असतात. फ्रेटच्या दोन्ही कडांवरून दोन-तीनदा पुसून लगेच कोरड्या कापडाने टिपावे. त्यानंतर नॅप्था, थोडा, कापडावर, खिडकी उघडी आणि आसपास उदबत्तीसुद्धा नको. हिरवा थर यातच बराचसा सुटतो. कडेला अडकून बसलेला लाकडी टूथपिकने खरवडावा, सुरीने नव्हे.

पुष्कळ गिटारी इथेच थांबल्या तरी चालतात. हे मुद्दाम सांगतो, कारण घासायला एकदा सुरुवात केली की हात थांबत नाही. प्रत्येक घासणे धातू कमी करते. नव्या फ्रेटची उंची एक ते दीड मिलिमीटर, आणि ती पाऊण मिलिमीटरच्या खाली गेली की वाजवणे जड पडू लागते. म्हणजे आयुष्यभराची पुंजी उण्यापुऱ्या अर्ध्या मिलिमीटरची. ती दरवर्षी चकचकाटासाठी खर्चावी की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे.

बोटाला खरबरीत लागत असेल तरच पुढे जायचे. हजार नंबरचा घासकागद म्हणजे अठरा मायक्रॉनच्या आसपासचे कण, दोन हजारचा म्हणजे दहाच्या आसपासचे. बहुतेक कामाला हजारपासून सुरुवात पुरते. चारशे-सहाशेने सुरुवात करणारा माणूस मग स्वतः पाडलेले ओरखडे काढण्यातच दुपार घालवतो. कागद बोटावर गुंडाळून कमानीच्या गोलाईवर फिरवावा, सपाट ठोकळ्याने घासू नये, नाहीतर माथा चपटा होतो आणि स्वर नेमका कुठून सुरू होतो हे तारेला कळेनासे होते. नंबर बदलताना दिशा बदलावी: एक नेकच्या लांबीने, पुढचा फ्रेटच्या लांबीने. आधीचे ओरखडे पूर्ण गेले की नाही ते लगेच दिसते. शेवटची फेरी मात्र फ्रेटच्या लांबीनेच असावी, कारण तार ओढताना ती त्याच दिशेने घसरते. उरलेसुरले ओरखडे तिच्या वाटेत आडवे येत नाहीत.

ब्रासोचा विषय निघतोच. घरातल्या समईसाठी आणलेली बाटली हाताशी असते, आणि झिलई तिने येते, यात वाद नाही. तिचा तो ओळखीचा उग्र वास अमोनियाचा. अमोनिया आणि तांबे-जस्ताचे मिश्रधातू यांचे वैर हिंदुस्थानातच उघड झाले. ब्रिटिश फौजा पावसाळ्यात काडतुसे तबेल्यांत ठेवत, आणि पाऊस सरल्यावर पितळी काडतुसांच्या नळ्या आपोआप तडकलेल्या सापडत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि ओढून घडवलेल्या पितळातला साचलेला ताण, असा त्रिवेणी संगम त्यामागे होता हे १९२१ मध्ये स्पष्ट झाले. दोन मिनिटांच्या घासण्यात फ्रेट तडकत नाही, घाबरण्याचे कारण नाही. पण ब्रासोचा पांढरा लगदा फ्रेटच्या सांदीत सुकू देऊ नये. शिसवीच्या रंध्रांत गेला तर काढता काढता नाकी नऊ येतात. चिंच, आमसूल, लिंबू आणि पितांबरीची पूड ही तर समईचीच आयुधे. आम्ल कळंक विरघळवते खरे, पण त्यानंतर समई वाहत्या पाण्याखाली खळखळून धुता येते, गिटार धुता येत नाही. खाचेत शिरलेले आम्ल तिथेच राहते, आणि लाकडावरचा डागही. पितळेवर चिंच जास्त वेळ राहिली की गुलाबी छटा येते, ती जस्त निघून मागे उरलेल्या तांब्याची असते. फ्रेटकडून तसलाच हिशेब मागायला नको. फिरत्या मोटरीचा कापडी गोळा वापरायचा तर हळू गतीने आणि क्षणभरच. फ्रेट तापला की खालचा गोंद सैल पडतो.

झिलई झाली की टेप अगदी कमी कोनात मागे वळवून काढावी, चुरा ब्रशने झाडावा, आणि बिनलाखेच्या शिसवीवर खनिज तेलाचे दोन थेंब चोळून पाच मिनिटांत जादा तेल टिपून घ्यावे. लाखेच्या मेपलला तेल नको. नव्या तारा चढवल्यावर प्रत्येक फ्रेटवर प्रत्येक तार दाबून ऐकावी. कुठे झर्र असा आवाज आला तर तिथे फ्रेट उचललेला किंवा झिजलेला आहे, आणि तो दोष झिलईने जात नाही.

झिजेचे खड्डे, विशेषतः पहिल्या तीन-चार फ्रेटांवर बारीक तारांखाली पडलेले, कारागिराकडेच न्यावेत. तो सगळ्या फ्रेटांचे माथे सरळ पट्टीवर एका पातळीत आणतो, शाईने रंगवून चपटे झालेले माथे हेरतो, आणि खास अर्धगोल कानशीने प्रत्येकाला पुन्हा कमान देतो. हे दोन-तीनदा झाले की पुंजी संपते आणि फ्रेटच बदलावे लागतात.

त्या वेळी फ्रेटची तार कुठली घ्यायची, हा प्रश्न पेडणे आणि डिचोलीत वेगळा सुटतो. मोरजी-हरमलच्या वाळूवर रोज वाजवणाऱ्याने स्टेनलेस पोलादाची तार घ्यावी. तिला हिरवे येत नाही, खाऱ्या हवेत फार तर चहासारखे डाग पडतात ते पुसले जातात, आणि तारांची ओढ ती जर्मन सिल्व्हरपेक्षा कितीतरी जास्त सोसते. डिचोलीत घरात वाजणाऱ्या गिटारला जर्मन सिल्व्हर पुरे, वाजवून झाल्यावर तारांखालून कापड फिरवले आणि पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या दर पंधरवड्याला वाळवून ठेवल्या तर. स्टेनलेसला कारागीर मजुरी जास्त सांगतो. त्यात त्याची लबाडी नसते. ती तार त्याच्या कानशी खाते.